फॅशन त्यांची, अंग आपले!



या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांत कपड्यांचा विषय वारंवार येतो आहे. एका भगिनीने लिहिले आहे, "मुलगी बारावीला आहे. मागल्या दिवाळीची जीन्स धडधाकट आहे, पण म्हणते ही घट्ट जीन्स आता कोणी घालत नाही, ढगळ पाहिजे. हे ठरवतं कोण?" लग्न ठरलेल्या मुलीचे वडील लिहितात, "बस्त्याला गेलो तर दुकानदार म्हणतो, यंदा हाच रंग चालतो, हाच घागरा चालतो. आमच्या अंदाजाच्या दुप्पट किंमत." तिसरे पत्र एका तरुणाचे आहे. तो जरा रागानेच विचारतो, "बाबासाहेब सुटाबुटात राहत. मग आम्ही फॅशन केली की घरातले तोंड का वाकडे करतात?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. तेव्हा आज सविस्तर बोलू.

हे ठरते कुठे?

पॅरिस, मिलान, लंडन आणि न्यूयॉर्क या चार शहरांत वर्षातून दोनदा कपड्यांचे मोठे मेळे भरतात. लांबच लांब फळीवरून मॉडेल नवे कपडे घालून चालत जातात. या फळीला आपल्याकडे रॅम्प म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या पानगळीचे आणि थंडीचे कपडे दाखवले जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या वसंताचे आणि उन्हाळ्याचे. म्हणजे माल दुकानात येण्याच्या सहा महिने आधी तो ठरलेला असतो.

ही चाल जुनी आहे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रज शिंप्याने १८५८ साली पॅरिसमध्ये आपले दुकान काढले. त्यापूर्वी गिऱ्हाईक सांगेल तसे शिंपी शिवत असे. वर्थने उलटे केले. कपडा कसा असावा हे तो आधी ठरवी, जिवंत मुलींच्या अंगावर घालून गिऱ्हाइकाला दाखवी आणि आत आपल्या नावाची पट्टी शिवी. शिंप्याने सांगायचे आणि गिऱ्हाइकाने ऐकायचे, ही रीत तेव्हापासून रुजली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले आणि अमेरिकन पत्रकारांना तिकडे जाता येईना. तेव्हा १९४३ साली न्यूयॉर्कने आपला वेगळा मेळा सुरू केला. मिलानचा १९५८ साली आणि लंडनचा १९८४ साली सुरू झाला. आपल्या देशात पहिला इंडिया फॅशन वीक दिल्लीत २००० साली भरला.

रॅम्पवर दिसणारे चित्रविचित्र कपडे पाहून आपण हसतो, "हे घालून लोकलमध्ये चढून दाखव!" पण ते कपडे बहुतेक घालण्यासाठी नसतातच. ते नाव गाजवण्यासाठी असतात. गाजलेल्या नावावर मग पर्स, अत्तर, चपला आणि चष्मे विकले जातात. मोठ्या कंपन्यांची खरी कमाई बरीचशी त्यावर होते.

रॅम्पवरून रस्त्यावर

कुठला रंग चालवायचा, कुठले सूत जास्त काढायचे याचा अंदाज बांधून तो विकणाऱ्या कंपन्याच आहेत. गिरणीला आणि रंगाच्या कारखान्याला तयारीला वेळ लागतो, म्हणून मेळ्याच्याही कितीतरी आधी हे अंदाज त्यांच्याकडे पोचतात. पॅन्टोन ही अमेरिकन कंपनी २००० सालापासून दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२५ साठी तिने कॉफीसारखा तपकिरी रंग निवडला. २०२६ साठी निवडला पांढरा, आणि त्याला नाव दिले 'क्लाउड डान्सर', म्हणजे नाचरा ढग! ज्या लाखो बायाबापड्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पांढरी वस्त्रे नेसून दीक्षा घेतली, त्यांना हा रंग कुठल्याही कंपनीने सांगितला नव्हता. आपल्या पेटीत पांढरी साडी त्या दिवसापासून आहे. ती कधी फॅशनमध्ये आली नाही आणि कधी फॅशनबाहेर गेली नाही.

रॅम्पवर दिसलेला माल पूर्वी आपल्यापर्यंत यायला वर्षे लागत. सिनेमात नटी घाली, मग शहरातला शिंपी शिवी, मग गावात येई. झारासारख्या स्पेनच्या कंपनीने हा काळ काही आठवड्यांवर आणला. ती २०१० साली आपल्या देशात आली. आता तर मोबाइलवर रात्री दिसलेला कपडा थोड्याच दिवसांत उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत कापायला घेतला जातो, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या पेठेत लटकतो आणि आठवडी बाजारात ओरडून विकला जातो. मिलानची बाई आणि आपली मुलगी यांच्यातले अंतर इतके कमी झाले आहे. मुलगी हट्टी आहे असे म्हणण्यापूर्वी आईबापांनी हे ध्यानात घ्यावे. तिच्या हातातल्या मोबाइलवर दिवसातून पन्नास वेळा तेच दाखवले जाते.

आणि ढगळ-घट्टचे म्हणाल तर ते चक्र आहे. तुमच्या आमच्या मोठ्या भावांनी सत्तरच्या दशकात बेलबॉटम घातली तेव्हा आजोबा म्हणाले, "पायात पोती घातली काय रे?" पुढे घट्ट पँट आली तेव्हा आज्या म्हणाल्या, "बसशील कशी?" २०२० नंतर पुन्हा ढगळ आली. २०२५ साली ठिपक्याठिपक्यांचे कापडही मोठ्या थाटात परतले. ते तर आपल्या आयांच्या पोलक्यांवर होतेच.

हे चक्र फिरवावे का लागते? कारण कापड लवकर फाटत नाही. चांगला सुती कुर्ता तीन वर्षे टिकतो. तीन वर्षे तुम्ही दुकानाची पायरी चढला नाहीत तर दुकान चालणार कसे? म्हणून कापड जुने होण्याआधी डोळे जुने करायचे. "ही आता कोणी घालत नाही" हे वाक्य तुमच्या मुलीच्या तोंडी कुणीतरी घातलेले आहे.

हेही नवे नाही. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसच्या ख्रिश्चन दिओरने घोट्याकडे उतरणारे, घेरदार झगे रॅम्पवर आणले. एकेका झग्याला कितीतरी वार कापड लागे. युद्ध नुकते संपले होते. इंग्लंडात कपडे अजून रेशनच्या कुपनावर मिळत होते, ते रेशन १९४९ पर्यंत चालले. लोकांना पोराच्या सदऱ्याला कापड मिळेना आणि इकडे झग्याचा घेर वाढत चाललेला! अनेकांनी विरोध केला, तरी फॅशन आलीच. पण साध्या घरच्या बायकांनी काय केले? जुन्या झग्याला खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली आणि लांबी वाढवली. फॅशनही झाली आणि कुपनही वाचले. गरिबाघरची बाई कुठल्याही देशात अशीच हुशार असते.

आपल्याला कपडा नुसता कपडा नाही

इथे कुणी म्हणेल, साधी राहणी ठेवा, फॅशनच्या नादी लागू नका, विषय संपला. पण आपल्या समाजाला हा उपदेश इतक्या सहज करता येत नाही. आपण काय घालावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनीच ठरवले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे लिहून ठेवले आहे. केरळात त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क नव्हता. त्यासाठी त्या वर्षानुवर्षे लढल्या, मार खाल्ला, तेव्हा कुठे १८५९ साली संस्थानाला परवानगीचा जाहीरनामा काढावा लागला. आणि हे सगळे जुन्या काळातले म्हणून सोडून देऊ नका. २०२३ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाने चांगले कपडे घातले, डोळ्यांवर गॉगल लावला म्हणून त्याला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली.

म्हणूनच डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा त्यांनी लुगड्याचा विषय काढला. गुडघ्यापर्यंत वर नेसलेले लुगडे, गळ्यातल्या जड गाठ्या, हातात कोपरापर्यंत कथलाचे आणि चांदीचे दागिने ही जातीची ओळख झाली आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. लुगडे फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असावे, आणि ते अंगभर, पायघोळ नेसावे, असा त्यांचा सांगावा होता. तिथल्या तिथे अनेक बायकांनी नेसण्याची तऱ्हा बदलली, अशी त्या परिषदेची हकिगत आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी केलेली ही 'फॅशन' कुठल्याही रॅम्पवर दिसली नव्हती, पण तिच्याइतका मोठा बदल कुठल्या रॅम्पने घडवला नाही.

आता त्या तरुण भावाच्या प्रश्नाकडे येऊ. होय, बाबासाहेब सुटात राहत. ज्याला गावात अंगभर कपडा घालू दिला जात नव्हता त्या समाजाचा माणूस उत्तम शिवलेला सूट घालून गोलमेज परिषदेत बसला, हे पाहून लाखो माणसांची मान ताठ झाली. गावोगावच्या पुतळ्यांवर तो सूट उगीच नाही. तेव्हा चांगले कपडे घालायला लाजू नका. कुणी "यांना काय करायचा आहे थाट" म्हणाले तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मात्र हेही पाहा की बाबासाहेबांनी सूट शिवला तो कामासाठी. घर बांधले ते पुस्तकांसाठी. 'यंदा हा कोट कुणी घालत नाही' म्हणून त्यांचे काम कधी अडले नाही. काल गावकीने सांगितले म्हणून आखूड लुगडे नेसायचे, आणि आज मोबाइलने सांगितले म्हणून ढगळ जीन्स घ्यायची. दोन्हींत ठरवणारा दुसराच असेल तर आपण सुटलो कशातून?

चप्पल मिलानला पोचली

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांबरोबर चपला दाखवल्या. पाहताक्षणी कोल्हापुरी! पण कंपनीने नुसते 'चामड्याचे सँडल' म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, करणाऱ्यांचे नाव नाही. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी आहे. आपल्याकडून ते संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे आहे.

गवगवा झाला, पत्रे गेली. तेव्हा ही रचना भारतातल्या पारंपरिक चपलेवरून सुचली हे कंपनीने कबूल केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि सुमारे २००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घेणार असे जाहीर झाले. जोडाची किंमत सांगितली गेली सुमारे ८०० युरो. आपल्या पैशात ऐंशी हजारांच्या वर!

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावायचे, खिळा न मारता चामड्याच्या वादीने तळ शिवायचा, वरची वेणी घरातल्या बाईने विणायची. हे काम करणाऱ्या चर्मकार बांधवांना या कामापायीच अस्पृश्य ठरवले. हात विटाळाचे आणि चप्पल मात्र सगळ्या गावाच्या पायात! तीच चप्पल परदेशी नावाखाली ऐंशी हजारांची होते. चामडे तेच, शिवण तीच. वाढते ते नाव. आणि नावाचे पैसे कुणाच्या खिशात जातात हा प्रश्न या करारानंतरही आपण विचारत राहिले पाहिजे.

यातून आपल्यासाठी धडा एवढाच. रॅम्पवर दिसले म्हणून एखादी वस्तू मोठी होत नाही. आपल्या पोरांना कोल्हापुरी 'गावठी' वाटत होती. २०२५ च्या जूननंतर तीच कॉलेजात मिरवू लागली. मिरवायची तर मिरवा, पण ती थेट कारागिराकडून किंवा महामंडळाच्या दुकानातून घ्या. घासाघीस करताना ऐंशी हजारांचा आकडा आठवा आणि पन्नास रुपयांसाठी त्या माणसाला ताटकळत ठेवू नका.

स्वस्त कपड्याची किंमत

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तीत कपडे शिवण्याचे कारखाने होते. युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांचा माल तिथे शिवला जाई. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली, पण कारखान्यातल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. ११०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तरुण बायका होत्या.

ही दूरदेशीची गोष्ट वाटते का? आपल्यापैकी कितीतरी भगिनी घरी धागे कापण्याचे, काज-बटणाचे, टिकल्या लावण्याचे काम नगावर करतात. दर सीझनला माल बदलतो, ठेकेदार घाई करतो, रात्र जागवतो, पण नगाचा दर तोच. फॅशनचे चाक जितके जोरात फिरेल तितका भार खाली बसणाऱ्यावर येतो. तेव्हा दोनदा घालून टाकून द्यायचा कपडा स्वस्तात मिळाला म्हणून आनंद करताना, त्यातला काही भाग आपल्यासारख्याच कुणा बाईच्या मजुरीतून कापला गेला आहे, हे लक्षात असू द्या.

मग घालावे की नाही?

घालावे. पण पारखून. आता एकेका पत्राला उत्तर देते.

पहिल्या भगिनीस: ताई, या वेळी मुलीचे निम्मे बरोबर आहे. रॅम्पवरचे ऋतू युरोपचे असतात. तिकडच्या लोकरी कोटाची फॅशन विदर्भाच्या ४५ अंशांत काय कामाची? पण ढगळ कपडा आपल्या हवेला मानवणारा आहे. घट्ट, ताणणाऱ्या जीन्समध्ये घाम अडतो, पावसाळ्यात जांघेत गजकर्ण होते, आणि त्वचेचे डॉक्टरही सैल सुती कपडे वापरा असेच सांगतात. तेव्हा पुढची जीन्स घ्याल तेव्हा सैल घ्या. पण आहे ती टाकू नका. ती फाटेपर्यंत लांब कुर्त्याखाली छान जाते. किंवा ओळखीच्या टेलरताईकडून दोन्ही बाजूंची शिवण उसवून पट्टी घालून घ्या. आणि मुलीला एकदा शेजारी बसवून हे चक्र कसे फिरते ते सांगा. रागावून सांगू नका, गंमत म्हणून सांगा. कॉलेजात कपड्यावरून हसतात तेव्हा पोरीला खरेच लागते. तिच्या मनाला लागलेले आपण 'नखरे' म्हणून उडवू नये.

लग्नाच्या वडिलांस: दादा, दुकानदाराचे 'यंदा हेच चालते' हे वाक्य दर वर्षी तेच असते. हिशेब असा मांडा. ४०० रुपयांचा कुर्ता आठवड्यातून एकदा याप्रमाणे दोन वर्षांत शंभर वेळा घातला, तर एका वेळेला ४ रुपये पडले. १५००० चा घागरा एकदा घातला तर एका वेळेला १५००० पडले. आपल्या मंगल परिणयाची पांढरी साडी पुढे जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, विहारात वर्षानुवर्षे नेसता येते. मुलीला स्वागत समारंभासाठी घागऱ्याची हौस असेल तर ती मारू नका. बहुतेक शहरांत घागरे भाड्याने मिळतात. पण त्यासाठी कर्ज काढू नका. बचत गटाचे कर्ज शिलाई मशीनसाठी काढावे, घागऱ्यासाठी नव्हे. मशीन हप्ता फेडते. घागरा पेटीत पडून राहतो आणि हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो.

तरुण भावास: तू फॅशन कर. पण बुटांवर ज्या कंपनीचे नाव आहे ते बूट नकली आहेत हे तुलाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. उसन्या नावापेक्षा साधा, पॉलिश केलेला बूट आणि नीट इस्त्रीचा शर्ट मुलाखतीत जास्त बोलतो. बेताचे पैसे असतील तर एक चांगली पँट आणि दोन शर्ट मापाचे शिवून घे. मापाचा कपडा कधी जुनाट दिसत नाही.

घेताना एवढे पाहा

कपड्याची आतली बाजू उलटून पाहा. शिवणीत दाब सोडला आहे का? दाब असेल तर पुढे सैल करता येतो, वाढत्या पोराला तर तो हवाच. सुटे धागे ओढून पाहा. शिवण सरकली तर कपडा ठेवून द्या.

रंग पाहायचा तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला घासा. जयंतीसाठी निळा घेताना हे विसरू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात घरादाराचे बनियन निळे!

सुती म्हणून विकलेला कपडा खरा सुती आहे का? घरी आल्यावर शिवणीतला एक धागा काढून जपून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. उन्हाळ्यात पॉलिएस्टर म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण.

स्वस्त दुकानांतल्या बऱ्याच कुर्त्या रेयॉनच्या असतात. कापड मऊ, गार, अंगाला छान. पण रेयॉन ओले झाले की कमजोर होते. ते ब्रशने घासू नका, पिळू नका, नुसते निथळत टाका. दुप्पट टिकेल.

नवी फॅशन आवडली तर महिनाभर थांबा. महिन्यानंतरही मन तेच म्हणत असेल आणि घरातल्या किमान तीन कपड्यांवर ती चालत असेल तर घ्या. सीझन संपताना तोच माल निम्म्या किमतीत मिळतो, तोवर थांबता आले तर उत्तमच.

आणखी एक. "तुझ्या रंगाला हे खुलत नाही" हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार करा. लाल, पिवळा, पांढरा, कुठलाही रंग सावळ्या अंगावर शोभतो. पोरींना लहानपणापासून मळकट रंग घालायला लावणे हीदेखील एक गुलामीच आहे.

आनंदाचे उत्तर

विनयपिटकात एक कथा आहे. राजा उदेनच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला वाटले, श्रमणाला इतकी वस्त्रे कशाला? हा दुकान मांडणार आहे काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? बसायला आसने. जुन्या आसनांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकी विरली की? ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा समाधानाने परतला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

आपल्या आयांना ही कथा माहीत नसेल, पण त्या हेच करत आल्या. साडी विरली की तिची गोधडी, गोधडी विरली की पोतेरे. आणि मधे बोहारीण आलीच तर तिच्याकडून एक पातेले! हे गरिबीमुळे करावे लागले म्हणून त्यात लाज मानू नका. जगातल्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचे ढीग जहाजांनी आपल्या देशात पानिपतला येतात आणि तिथे त्यांचे सूत निघून घोंगड्या होतात. मोठ्या देशांना आज जे शहाणपण कळते आहे ते आपल्या घरात आधीपासून आहे.

तर भगिनींनो, कपाट उघडा. आहे ते नीट मांडा. उसवलेले शिवा, तुटलेले बटण लावा, न होणारे धुऊन, इस्त्री करून गरजवंताला द्या. द्याल ते स्वतः घालावेसे वाटेल असेच द्या. उतरलेला, मळका कपडा दुसऱ्याच्या अंगावर टाकणे काय असते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? मग जे खरोखर कमी पडते ते घ्या, आणि ते आवडीचे, चांगले, फॅशनचेही घ्या. स्वच्छ कपडा आणि ताठ मान या दोन गोष्टी कुठल्याही सीझनला चालतात.

जयभीम.